नाव कोणाचे, कारण कोणाचे

खून झाल्यावर न्यायालय आरोपीचा विचार करते, वृत्तपत्रे घटनेचा विचार करतात आणि गेलेल्या माणसाचा विचार करण्याचे काम बहुधा त्याच्या घरच्यांवर सोपवले जाते. परंतु काही खून घरापुरते राहत नाहीत, कारण मारणाऱ्याने माणूस निवडताना त्याची जात, त्याचा धर्म, त्याचे मत किंवा तिचे स्त्री असणे पाहिलेले असते, आणि म्हणूनच त्या एका देहावर झालेला वार त्याच्यासारख्या सगळ्यांना उद्देशून असतो. अशा वेळी सार्वजनिक स्मारकाचा प्रश्न उभा राहतो. सार्वजनिक स्मारक म्हणजे केवळ पुतळा किंवा दगड नव्हे. चौकाला दिलेले नाव, वर्षातून एकदा पाळला जाणारा दिवस, शिष्यवृत्ती, जतन केलेली खोली, इतकेच काय पण एखादा कायदासुद्धा स्मारकाचे काम करतो. नेत्याचे स्मारक त्याच्या आयुष्यासाठी उभारले जाते आणि सैनिकाचे स्मारक त्याने पत्करलेल्या मरणासाठी. खून झालेल्या माणसाने मात्र ते मरण पत्करलेले नसते, आणि त्याचे आयुष्य पुष्कळदा इतके साधे व इतके अपुरे असते की त्याची सार्वजनिक ओळख त्याला मारणाऱ्याच्या कृत्यातूनच सुरू होते. मग दगडावर लिहायचे काय, माणूस की कृत्य, हा या विषयातला खरा पेच आहे.

हिंसक मृत्यूची खूण दगडावर ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. गावाच्या वेशीजवळ, मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळापाशी शेंदूर फासलेले जे उभे दगड दिसतात त्यांतले पुष्कळ वीरगळ आहेत, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळा. वीरगळावर खालून वर वाचायचे कप्पे असतात: सर्वांत खाली पडलेला वीर, आणि गाई राखताना मरण आले असेल तर शेजारी कोरलेल्या गाई, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत असे दृश्य, वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ही कीर्ती चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावी ही इच्छा. महाराष्ट्रातल्या वीरगळांवर लेख क्वचितच आढळतो, त्यामुळे आज मागे वळून पाहिले तर माणूस कशासाठी मेला हे दगड सांगतो, पण तो कोण होता हे सांगत नाही. आधुनिक स्मारकांची गोष्ट नेमकी उलटी झाली आहे. त्यांवर नावांच्या लांबलचक याद्या असतात आणि ती माणसे का मारली गेली याविषयी मात्र एखादे गुळमुळीत वाक्य असते. शिवाय वीरगळाला अर्थाची वरची पायरी आयती उपलब्ध होती. खून झालेल्या विद्यार्थिनीला किंवा प्रवाशाला कैलासाच्या कप्प्यात नेऊन बसवता येत नाही, आणि तसे करू पाहिले तर ते खोटे वाटते.

मराठी भाषेने या बाबतीत जे शब्द घडवले आहेत तेही तपासून पाहण्याजोगे आहेत. ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पोलिस गोळीबारात पडलेल्यांना तो शब्द लावला गेला आणि मुंबईच्या हुतात्मा चौकाने तो कायमचा रुजवला, परंतु २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसांनी कोणतीही आहुती दिली नव्हती, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. त्यांच्यासाठी ‘बळी’ हा शब्द वापरला जातो. मूळ अर्थाने बळी हा देवतेला अर्पण केलेला जीव असतो, म्हणजे या शब्दातही मारणारा दिसेनासा होतो. ‘हुंडाबळी’ या शब्दाने निदान कारण उघड केले, हे त्या शब्दाचे मोठे यश म्हटले पाहिजे. ‘वध’ हा शब्द सर्वांत घातक आहे, कारण वध दुष्टाचा होतो, कंसाचा होतो, रावणाचा होतो. गांधीजींच्या हत्येला काही मंडळी आजही वध म्हणतात तेव्हा ती शब्दनिवड सहज झालेली नसते, तो मारणाऱ्याच्या बाजूने दिलेला निकाल असतो. दिल्लीतील ज्या घराच्या बागेत ती हत्या झाली त्या घराचे स्मारक झाले, गांधीजींची अखेरची पावले सिमेंटमध्ये उठवून ठेवण्यात आली आणि बाहेरच्या रस्त्याला ‘तीस जानेवारी मार्ग’ असे तारखेचेच नाव देण्यात आले. स्मारकाची रचना ठरण्याच्या पुष्कळ आधी स्मारकाचे क्रियापद ठरते: माणसे ‘मृत्युमुखी पडली’, ‘प्राणाला मुकली’, की त्यांचा ‘खून झाला’?

या प्रश्नाचा अलीकडच्या काळात सर्वांत प्रदीर्घ आणि सर्वांत प्रामाणिक ऊहापोह नॉर्वे या देशात झाला. २२ जुलै २०११ रोजी एका अतिउजव्या विचारांच्या हल्लेखोराने ओस्लो शहरातील सरकारी कार्यालयांच्या परिसरात बॉम्बस्फोट घडवून ८ जणांचा जीव घेतला, आणि नंतर पोलिसाचा वेश करून तो उटोया नावाच्या लहानशा बेटावर गेला, जिथे मजूर पक्षाच्या युवक संघटनेचे उन्हाळी शिबिर भरले होते. तिथे त्याने ६९ जणांना गोळ्या घालून मारले, आणि त्यांतली बहुसंख्य मुले विशीच्या आतली होती. बेट एका सरोवरात आहे. जीव वाचवण्यासाठी मुलांनी थंडगार पाण्यात उड्या घेतल्या, तेव्हा किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि तिथे सुटीसाठी आलेल्या लोकांनी आपापल्या होड्या काढल्या आणि गोळीबार चालू असतानाच पाण्यातून मुले वर ओढून घेतली. ही बाब लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढे स्मारकाला विरोध झाला तो याच किनाऱ्यावरून.

२०१४ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी झालेल्या स्पर्धेत योनास डालबर्ग या स्वीडिश कलावंताची कल्पना निवडली गेली. बेटासमोरच्या सोरब्रोटेन नावाच्या भूशिराला साडेतीन मीटर रुंदीचा आरपार छेद द्यायचा, म्हणजे जमिनीचे टोक मुख्य भूमीपासून तुटेल, आणि पलीकडच्या कापलेल्या खडकावर मृतांची नावे कोरायची. पाहणाऱ्याला ती वाचता येतील, पण मधल्या पाण्यामुळे त्यांना हात लावता येणार नाही. कल्पनेचे नाव होते ‘स्मृतीची जखम’. जगभरच्या कलाविश्वाने तिची वाखाणणी केली आणि कलाकृती म्हणून ती खरोखर असामान्य होती. वियोग म्हणजे काय हे इतक्या थोड्या साधनांत सांगणारी दुसरी कल्पना क्वचितच सापडेल. परंतु आजूबाजूच्या रहिवाशांनी ती नाकारली. आपण तो दिवस पाहिला आहे, आपल्या होड्यांत ती मुले होती, आता रोज सकाळी खिडकी उघडल्यावर ही जखम समोर नको, असे त्यांचे म्हणणे होते. काहींनी निसर्गावरचा अत्याचार म्हणून विरोध केला, काहींना पर्यटकांच्या झुंडींची भीती वाटली. प्रकरण न्यायालयाच्या दारापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये सरकारने ती योजना रद्द केली. नंतर बेटाकडे जाणारी बोट जिथून सुटते त्या धक्क्याजवळची जागा ठरली. तिलाही काही शेजाऱ्यांनी न्यायालयात आव्हान दिले, पण २०२१ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला आणि २०२२ मध्ये, म्हणजे हत्याकांडानंतर तब्बल ११ वर्षांनी, पाण्याकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि त्यांवर उभे असलेले ७७ कांस्यस्तंभ अशा रूपातले स्मारक खुले झाले.

शेजाऱ्यांच्या या विरोधाला स्वार्थ म्हणून हिणवणे सोपे होते आणि काहींनी तसे हिणवलेही. परंतु त्यांची बाजू दुबळी नव्हती. राष्ट्राला वर्षातून एक दिवस आठवण काढायची असते आणि शेजाऱ्यांना ३६५ दिवस त्या आठवणीसमोर राहायचे असते. स्मारकाची जागा ही रिकामी जागा कधीच नसते. तिथे कोणीतरी भाजी आणायला जात असते, मुलांना शाळेत सोडत असते, आणि तिथल्या माणसांच्या अंगावरही त्या दिवसाचे ओरखडे असतात. त्यांना विचारण्यापूर्वीच निकाल जाहीर झाला, ही तिथली खरी चूक होती. कल्पनेच्या सौंदर्याने ती चूक झाकली गेली नाही.

राष्ट्रीय स्मारकाचे हे भांडण चालू असताना त्या बेटावर, युवक संघटनेच्या आणि पालकांच्या हातून, दोन लहान कामे शांतपणे पुरी झाली, आणि जाणकारांनी खरे पाहता त्यांच्याकडून शिकले पाहिजे. पहिले काम म्हणजे पाइन वृक्षांमध्ये टांगलेले धातूचे एक मोठे वलय, ज्यात मृतांची नावे आणि वये आरपार कापलेली आहेत, इतकी की त्या अक्षरांतून मागचे झाड दिसते. सुरुवातीला या वलयात सगळी नावे नव्हती. काही कुटुंबांनी आपल्या मुलाचे नाव तिथे नको असे सांगितले, आणि कोणीही त्यांची समजूत घालण्याचा आग्रह धरला नाही. दुसरे काम शिबिराच्या उपाहारगृहाचे. त्या इमारतीत १३ जण मारले गेले होते. ती पाडून टाकावी असे काहींना वाटत होते आणि तिला हात लावू नये असे इतरांना. अखेर इमारतीचा जो भाग हत्येचा साक्षीदार होता तेवढाच गोळ्यांच्या खुणांसह राखून त्याच्याभोवती दुसरी वास्तू उभारण्यात आली, जिचे छत ६९ खांबांनी तोलून धरले आहे आणि जिच्या बाहेरच्या अंगाला, त्या दिवशी वाचलेल्यांच्या संख्येइतक्या, ४९५ लाकडी पट्ट्यांचे कुंपण आहे. तिथे आता शाळकरी मुले येऊन लोकशाहीवर चर्चा करतात. वाचलेल्यांना स्मारकात स्थान देण्याची ही कल्पना फार मोलाची आहे, कारण हत्याकांडातून जिवंत परतलेला माणूस बहुतेक स्मारकांत कुठेच नसतो.

तरीही नॉर्वेतून एक तक्रार वारंवार ऐकू आली आणि ती त्या हल्ल्यातून वाचलेल्या तरुणांचीच होती. पहिल्या काही महिन्यांत सारा देश गुलाबाची फुले घेऊन रस्त्यावर उतरला, सर्वांचे दुःख एक झाले, परंतु त्या एकोप्यात ही मुले एका विशिष्ट राजकीय संघटनेची सदस्य होती आणि तिच्या विचारांमुळेच मारली गेली, हे बोलणे हळूहळू गैरसोयीचे ठरू लागले. दुःख राष्ट्राचे झाले आणि कारण कोणाचेच उरले नाही.

कारण पुसले जाण्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कॅनडातील माँट्रियल शहरात सापडते. ६ डिसेंबर १९८९ रोजी तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिरलेल्या एका बंदूकधाऱ्याने एका वर्गातल्या मुलांना व मुलींना वेगवेगळे उभे केले, मुलांना बाहेर घालवले, आपण स्त्रीवाद्यांचा द्वेष करतो असे सांगितले आणि मग गोळ्या झाडल्या. १४ स्त्रिया मारल्या गेल्या. त्यांतल्या १२ अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी होत्या, एक परिचर्या शिकणारी होती आणि एक महाविद्यालयाची कर्मचारी होती. हल्लेखोराच्या खिशात पत्र होते आणि त्यात त्याने आपले कारण लिहून ठेवले होते. इतके सारे उघड असताना माथेफिरूचे कृत्य असेच बरीच वर्षे बोलले जात राहिले. महाविद्यालयापासून जवळच ‘६ डिसेंबर १९८९ चौक’ या नावाचे उद्यान आहे, तिथे मृत स्त्रियांची नावे अशा रीतीने घडवली आहेत की ती वाचण्यासाठी पाहणाऱ्याला थांबावे आणि वाकावे लागते. परंतु त्याच उद्यानाच्या फलकावर घडल्या प्रकाराचा उल्लेख ‘दुःखद घटना’ असा होता. वीज कोसळणे ही दुःखद घटना असते, होडी उलटणे ही दुःखद घटना असते. २०१९ मध्ये, ३० वर्षांनी, शहराने तो फलक बदलला आणि नव्या फलकावर हा स्त्रीवादविरोधी हल्ला होता असे स्पष्ट शब्दांत लिहिले.

त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकूव्हर शहरात, स्त्रियांच्या एका गटाने १९९७ मध्ये ग्रॅनाइटच्या १४ बाकांचे स्मारक उभारले आणि पुरुषांनी ज्यांचे खून केले त्या सर्व स्त्रियांना ते अर्पण केले. ‘पुरुषांनी’ या एका शब्दावरून वृत्तपत्रांत मोठे वादळ उठले. एका शब्दाने इतके लोक अस्वस्थ झाले यावरूनच फलकावरचे क्रियापद आणि त्याचा कर्ता यांचे महत्त्व कळून येते.

कर्त्याविषयी येथे थोडा खुलासा केला पाहिजे, कारण खुनाचा कर्ता सांगणे आणि खुन्याला नाव मिळवून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाल्यावर पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी संसदेत आपण हल्लेखोराचे नाव कधीही उच्चारणार नाही असे जाहीर केले. परंतु हल्ला मुस्लिमांवर झाला आणि तो दहशतवाद होता, हे सांगण्यात त्यांनी कुचराई केली नाही. व्यक्तीचे नाव गाळूनही कारण पूर्ण सांगता येते.

नावावर हक्क कुटुंबाचा असतो, याचा सर्वांत धैर्याचा दाखला अमेरिकेतला आहे. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या माणसांनी हालहाल करून मारले, तेव्हा त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवून अंत्यविधी करण्याचा निर्णय घेतला आणि विद्रूप झालेला तो चेहरा हजारोंनी पाहिला. तो निर्णय आईचा होता. दुसऱ्या कोणी तो घेतला असता तर ती विटंबना ठरली असती. मुलाचा देह जिथे नदीतून काढला गेला असे मानले जाते तिथे अर्ध्या शतकानंतर फलक लागला, तो चोरीला गेला, दुसरा लावला तो गोळ्यांनी चाळणी झाला, तिसऱ्याचीही तीच गत झाली, आणि २०१९ मध्ये लावलेला चौथा फलक बंदुकीच्या गोळीला दाद न देणाऱ्या पोलादाचा करावा लागला.

भारतात नावाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण बलात्कार करून खून झालेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम २२८-अ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ही तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आणखी पुढे जाऊन असे म्हटले की, मृत स्त्रीची ओळख जवळच्या नातलगांच्या संमतीनेदेखील उघड करू नये, आणि तसे करण्याजोगी परिस्थिती आहे की नाही हे सत्र न्यायाधीशांनी ठरवावे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नावावरचा पहिला हक्क कुटुंबाचाही नसून त्या मृत स्त्रीचा आहे, आणि हे तत्त्व आदरणीय आहे. तरीही डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये बलात्कार होऊन मारल्या गेलेल्या तरुणीच्या आईने २०१५ मध्ये जाहीर सभेत मुलीचे खरे नाव उच्चारले आणि लाज मुलीने नव्हे, गुन्हा करणाऱ्यांनी बाळगायची असते असे सांगितले. त्याआधी माध्यमांनी तिला ‘निर्भया’ म्हटले होते आणि सरकारने २०१३ मध्ये त्याच नावाने १००० कोटी रुपयांचा निधी जाहीर केला होता. ज्यांनी हे नाव योजले त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही; परंतु निर्भय असणे हा तिचा गुण झाला आणि रात्री नऊ वाजता बसमध्ये चढणाऱ्या मुलीला भय बाळगावे लागते, हे त्या नावाआड गेले. तिचे खरे नाव घ्यायला आईलासुद्धा तीन वर्षे लागली.

या साऱ्या उदाहरणांतून एक वाटणी दिसते. नाव गेलेल्या माणसाचे आणि त्याच्या घरच्यांचे असते, ते कोरायचे की नाही हे त्यांनी ठरवावे. जागा तिथे राहणाऱ्यांची असते, त्यांना आधी विचारावे. आणि कारण मात्र सर्व समाजाचे असते, कारण ते समाजातूनच आलेले असते. आपल्या सार्वजनिक व्यवहारात याच्या नेमके उलट घडते: ज्या नावावर आपला हक्क नाही ते चौकाला देण्याची घाई होते, त्याच्या फलकावर पुढाऱ्यांची नावे त्याहून मोठ्या अक्षरांत येतात, आणि ज्या कारणाची जबाबदारी आपली आहे ते कुटुंबाच्या दारात टाकून सगळे निघून जातात.

पुण्यात २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी फिरायला निघालेले अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर ओंकारेश्वर मंदिराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांच्या स्मारकाचा विचार करताना या वाटणीचा उपयोग होतो. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली त्याचा अध्यादेश हत्येनंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. जो कायदा माणसाच्या हयातीत रखडला तो त्याच्या खुनानंतर इतक्या त्वरेने यावा, ही महाराष्ट्राने विसरू नये अशी गोष्ट आहे. परंतु त्या कायद्यापेक्षाही महत्त्वाचे स्मारक म्हणजे त्या पुलावर जमणारी माणसे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आणि सामान्य नागरिक २० तारखेला तिथे जमत राहिले, ‘आम्ही सारे दाभोलकर’ म्हणत राहिले, आणि त्यांनी पुतळ्याची मागणी करण्याऐवजी तपासाची मागणी लावून धरली. नंतर गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी आणि गौरी लंकेश या विवेकवादी विचारांच्या मंडळींचेही खून झाले, तेव्हा या मागणीचा अर्थ अधिकच स्पष्ट झाला.

१० मे २०२४ रोजी पुण्यातील विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप सुनावली आणि उरलेल्या तीन आरोपींची निर्दोष मुक्तता केली. हत्येला पावणेअकरा वर्षे झाली होती. खुनामागचे सूत्रधार कोण, या प्रश्नाचे न्यायालयात सिद्ध झालेले उत्तर अजून मिळालेले नाही.